कारण संपले, सबब उरली

मराठीतील ‘सबब’ या शब्दाचे दैव मोठे विलक्षण आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘कारण’ असाच आहे. कचेरीच्या व न्यायालयाच्या लिखाणात तो आजही त्या अर्थाला धरून आहे. ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे,’ असे वाक्य सरकारी पत्रात आले की तेथे ‘सबब’ म्हणजे ‘या कारणास्तव’. तोच शब्द कचेरीतून घरी आला की मात्र त्याचा अर्थ पालटतो. ‘रोज नवी सबब सांगतोस,’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा तिच्या मनात कारण नसते, पळवाट असते. माणसांनी इतकी खोटी कारणे सांगितली आणि ऐकली, की अखेर कारणाचा वाचक असलेला शब्दच लबाडीच्या पदरी पडला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शब्दांची व्युत्पत्ती हा नव्हे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या आपल्या धर्मग्रामांत मराठीतून प्रार्थना का होत नाही, असे विचारले की ठरावीक उत्तरे ऐकू येतात. त्या उत्तरांतली कारणे किती आणि सबबी किती, याचा हिशेब मला येथे मांडावयाचा आहे. ‘आम्ही तर मराठी वाचतो, आम्हाला हे कशाला ऐकवता?’ असे या त्रैमासिकाचे वाचक म्हणतील. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्याच घरात पाहावे. अंक घरात कोणाच्या नावाने येतो आणि तो उघडतो कोण? आजोबा चष्मा शोधून तो वाचतात, नातवंडे फार तर मुखपृष्ठ पाहतात. प्रश्न त्या नातवंडांचा आहे.

कारण कशाला म्हणावे?

कारण आणि सबब यांतील भेद पवित्र शास्त्राइतका स्पष्ट क्वचितच कोणी दाखविला असेल. निर्गमाच्या पुस्तकात मोशे देवाला सांगतो की आपली जीभ जड आहे, आपल्याला बोलता येत नाही. देव त्याची अडचण खोटी ठरवीत नाही. तो रागावतो खरा. पण बोलण्यासाठी अहरोनाला त्याच्या सोबतीस देतो. त्यानंतर मोशेजवळ कारण उरत नाही आणि तो मिसर देशाकडे निघतो. खरे कारण उपाय मागते, आणि उपाय झाला की मार्गातून दूर होते.

याउलट लूककृत शुभवर्तमानातील मेजवानीचा दाखला पाहा. आमंत्रितांपैकी एकाने शेत विकत घेतले आहे आणि त्याला ते पाहावयास जायचे आहे. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या आहेत आणि त्यांची पारख करावयाची आहे. शेत न पाहता आणि बैल न पारखता कोणता शेतकरी व्यवहार करतो? तिसऱ्याने लग्न केले आहे. या तिसऱ्याचे उत्तर सर्वांत विचार करण्याजोगे आहे. नवविवाहिताला एक वर्ष लढाईवर पाठवू नये, असा मोशेच्या नियमशास्त्रात नियम होताच. कारण खरे होते, पण ते लढाईसाठी होते, मेजवानीसाठी नव्हते. एका जागी खरे असलेले कारण दुसऱ्या जागी नेऊन लावले की त्याची सबब होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

तेव्हा कसोट्या साध्या आहेत. खऱ्या कारणाला मुदत असते; परिस्थिती बदलली की ते संपते. खरे कारण उपायाला भीत नाही. आणि खरे कारण आपल्या जागीच लागू पडते. या कसोट्यांवर आता आपली उत्तरे घासून पाहू.

1887 चे कारण

आपल्या समाजाने इंग्रजीची कास धरली त्यामागे एके काळी खरे कारण होते, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. 1534 च्या तहाने वसई आणि भोवतालची बेटे पोर्तुगीजांच्या ताब्यात आली व साष्टीच्या गावागावांत ख्रिस्तमंदिरे उभी राहिली. पुढे 1739 साली वसई मराठ्यांनी जिंकली आणि 1774 साली साष्टी इंग्रजांकडे गेली. राज्ये बदलली, पण मरोळ, कोंडिविटे, चकाला, आंबोली, गोराई, किरोळ येथील ख्रिस्ती शेतकरी व कोळी आपल्या बोलीतच बोलत राहिला, लग्नात उमराचे पाणी आणीत राहिला आणि आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या वाहत राहिला.

1853 साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली, गिरण्या आणि कचेऱ्या वाढल्या, आणि नोकरीच्या शोधात गोव्याहून व मंगळूरहून ख्रिस्ती बांधव मुंबईत येऊ लागले. येथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनाही ‘पोर्तुगीज’ म्हणत आणि गोव्याहून आलेल्यांनाही. आपण पिढ्यान् पिढ्या ब्रिटिश मुलखाचे रहिवासी आहोत हे सरकारच्या ध्यानी यावे, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, म्हणजे 1887 मध्ये, आपल्या पूर्वजांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नावाबरोबर इंग्रजी शिक्षणही आले. पोटाचा प्रश्न होता आणि तो त्यांनी सोडविला. यात लपविण्यासारखे काही नाही. जमीन थोडी, खाणारी तोंडे अधिक, आणि पगार इंग्रजीतून मिळणारा, अशा स्थितीत त्यांनी जे केले ते कोणीही केले असते.

परंतु 1947 साली तो साहेब गेला. 1 मे 1960 रोजी मराठी भाषकांचे राज्य स्थापन झाले आणि 1964 च्या अधिनियमाने मराठी त्याची राजभाषा झाली. पोटासाठी इंग्रजी आजही हवीच, याबद्दल माझा वाद नाही. वाद एवढाच आहे की नोकरीसाठी दिलेले कारण आपण घरच्या जपमाळेला लावले. मुलाखतीत इंग्रजी विचारतात हे खरे. देव्हाऱ्यासमोर मुलाखत कोण घेतो? लग्न केले म्हणून लढाईवर न जाणे आणि लग्न केले म्हणून मेजवानीला न जाणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

‘आपल्याकडे पहिल्यापासून इंग्रजीच’

आता एकेक उत्तर घेऊ. पहिले उत्तर परंपरेचे. ‘आपल्या चर्चमध्ये पहिल्यापासून इंग्रजीच आहे’ असे तरुणच नव्हेत, साठीतले लोकही सांगतात. हे खरे नाही. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज घोषित केला आणि लोकभाषांना मिस्सेचे दार उघडले. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. म्हणजे आपल्या वेदीवरच्या इंग्रजीचे वय साठीच्या आसपास आहे. आपल्या कित्येक आजीआजोबांपेक्षाही ती लहान आहे. परिषदेने जे दार उघडले ते लोकांच्या भाषेसाठी. त्या दारातून आपण आपली भाषा आत आणली नाही, एक साहेबाची भाषा उतरवून दुसऱ्या साहेबाची चढविली, आणि आता तिलाच परंपरा म्हणतो.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. उपनगरांतील धर्मग्रामांत कोकणी, तुळू, तमिळ, मल्याळम अशा अनेक मातृभाषांचे लोक एकत्र येतात. त्या सर्वांना सामाईक भाषा म्हणून रविवारची मुख्य मिस्सा इंग्रजीत असणे, याला खरे कारण आहे. इंग्रजी मिस्सा बंद करा, असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. मल्याळी आणि तमिळ बांधव इंग्रजी मिस्सेला येतात आणि तरीही घरी आपल्या भाषेत प्रार्थना म्हणतात. शेजारच्या दाराआड चाललेली ती प्रार्थना आपण ऐकतो, आणि तरीही आपल्याला ते अशक्य वाटते.

‘मुलांना मराठी कळत नाही’

दुसरे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे. 2020 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकविणे बंधनकारक आहे. त्याआधीही राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळांत मराठी शिकवीत. आपली मुले तो विषय घेतात, त्याची शिकवणी लावतात, परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि गुणपत्रिका आपण नातेवाइकांना दाखवितो. शाळेत निबंध लिहिणाऱ्या मुलाला चर्चच्या पायरीवर पाय ठेवताच मराठी कळेनाशी व्हावी, हा चमत्कार कोणत्या संताच्या नावे नोंदवावा?

बरे, समजा की खरोखरच कळत नाही. मग ते कोणामुळे? मुलाशी घरात जन्मापासून मोडक्या इंग्रजीत बोलायचे, आजीने बोलीतून काही सांगितले तर तिला थांबवायचे, आणि पंधरा वर्षांनी ‘त्याला मराठी येत नाही’ असे दुःखाने म्हणायचे. तालांतांच्या दाखल्यातील तिसऱ्या चाकराने हेच केले. धन्याने दिलेले धन त्याने स्वतः जमिनीत पुरले आणि वर आपल्या भीतीचा दाखला दिला. धन्याचे उत्तर साधे होते. ते धन सावकाराकडे तरी ठेवायचे होते, निदान व्याज मिळाले असते. आपणच निर्माण केलेली अडचण कारण म्हणून पुढे करता येत नाही.

‘देवनागरी वाचता येत नाही’ ही या सबबीची धाकटी बहीण. तिचे उत्तर चारशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. 1579 साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. इंग्रजी ही त्याची मातृभाषा, लॅटिन ही त्याच्या शिक्षणाची भाषा आणि पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची. तीन भाषांच्या तीन सबबी त्याच्या हाताशी होत्या. त्याने मराठी शिकून ओव्यांमध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रचले, आणि 1616 साली ते गोव्यातील राचोल येथे छापून निघाले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. हे खरे कारण होते, म्हणून त्याने उपाय शोधला आणि मराठी रोमन लिपीत छापली. ज्याला करावयाचे असते तो अडचणीला वळसा घालून पुढे जातो. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात दोन्ही लिप्या आहेत, आणि आपण लिपीचे रडगाणे गातो!

त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांना त्यांची भाषा सोडून पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले आणि तीन वर्षांची मुदत दिली. तेथील लोकांना सत्तेचा धाक होता. तरीही त्यांची कोकणी जिवंत राहिली. आपल्याला कोणी फर्मान काढले?

‘गर्दी होत नाही’ आणि ‘धर्मगुरू नाहीत’

तिसरे उत्तर असे की मराठी मिस्सेला लोक येत नाहीत. ती ठेवतात केव्हा? महिन्यातून एकदा, भर दुपारी किंवा अशा वेळी, की आदल्या रविवारच्या सूचना कान देऊन ऐकल्या नसतील तर ती कोणाला कळूही नये. गायकवृंद नाही, वाचकांची तयारी नाही. मग बाके रिकामी राहतात, आणि रिकामी बाके पाहून मिस्सा बंद करण्याचे ‘कारण’ सापडते. दुकान बंद ठेवायचे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणायचे, अशातला हा प्रकार आहे.

चौथ्या उत्तरात तथ्य आहे हे मी मान्य करतो. मराठीत सहजपणे प्रवचन करू शकणारे धर्मगुरू उपनगरांत थोडे आहेत. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि मराठीने समृद्ध असलेला तो सारा प्रदेश मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. ही उणीव खरी आहे. पण खऱ्या कारणाची कसोटी येथेही लावावी. तुमच्या धर्मग्रामाच्या मंडळाने मराठी धर्मगुरू मिळावा म्हणून कधी लेखी मागणी केली आहे काय? वसईहून महिन्यातून एखाद्या धर्मगुरूंना निमंत्रण दिले आहे काय? आणि घरच्या जपमाळेला, मुलांच्या धर्मशिक्षणाला, आजाऱ्याजवळच्या प्रार्थनेला धर्मगुरू लागतोच असे कोणी सांगितले?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपण सर्वांनी छाती फुगवून घेतली. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा आपण हळहळलो. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हाही आनंद मानला. अभिमानाला पैसा पडत नाही आणि वेळही लागत नाही. त्यांचे ‘सुबोध बायबल’ किती घरांत उघडले जाते, हे मात्र कोणी कोणाला विचारीत नाही.

मनातले कारण

सबबीमागे नेहमी एक कारण असते. ते उच्चारण्याची लाज वाटते म्हणून तर सबब शोधावी लागते. आपल्या बाबतीत ते कारण काय, हे दबक्या आवाजात सर्वांना ठाऊक आहे. मराठी मिस्सा ही गरिबांची मिस्सा, असे आपल्याला वाटते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून आलेली कॅथॉलिक कुटुंबे घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या वस्त्यांत राहतात. त्यांतल्या कित्येक स्त्रिया घरकाम करतात, पुरुष रिक्षा चालवितात किंवा पहारेकऱ्याची नोकरी करतात. मराठी मिस्सेला ते मनापासून येतात, खड्या आवाजात गातात. त्यांच्या शेजारी बसलो तर आपण त्यांच्यातले ठरू, ही भीती आपण ‘मुलांना कळत नाही’ या वाक्यात गुंडाळतो. एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांनी बाकाची वाटणी भाषेवरून करावी, आणि भाषेची वाटणी मिळकतीवरून करावी, हे आपल्या श्रद्धेला शोभते काय? मेजवानीच्या दाखल्याचा शेवट पुन्हा एकदा वाचा. सबबी सांगणारे बाहेर राहिले आणि रस्त्यांवरून बोलावून आणलेले दीनदुबळे पंक्तीला बसले.

‘देवाला सर्व भाषा कळतात, मग मराठीच कशाला?’ हे शेवटचे उत्तर. देवाला कळतात हे खरे. प्रश्न आपला आहे. पवित्र आत्म्याच्या सणाच्या पहिल्या दिवशी जेरुसलेममध्ये जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेत प्रेषितांचे बोलणे ऐकले. सर्वांना एकच मोठी भाषा शिकवून देवाला काम भागविता आले असते. त्याने तसे केले नाही. आणि आपल्या घरांत काय चालले आहे? आजी अंथरुणाला खिळते. तिच्या ओठांवर लहानपणीच्या मराठी प्रार्थना असतात. उशाशी बसलेली नात इंग्रजीतून म्हणते, कारण तिला तेवढेच येते. आजीला नातीचे शब्द अनोळखी आणि नातीला आजीचे. श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्याचा जो शेवटचा क्षण, त्या क्षणी दोघींमध्ये दुभाष्या लागावा, याहून मोठे नुकसान मला माहीत नाही.

जे सोडावे लागले आणि जे सोडले

सीप्झच्या आवारात कोंडिविट्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. हे चर्चही 1579 चेच. 1840 साली साथ पसरली, लोक भराभर दगावू लागले आणि गावाने ती जागा सोडली. साथ हे कारण होते. त्यापुढे कोणाचे काही चालले नसते. पण जाताना त्यांनी आपल्या मूर्ती आणि बाप्तिस्म्याचे कुंड मरोळला नेले आणि तेथे उपासना चालू ठेवली. कारण असलेला माणूस जे सोडावेच लागते तेवढे सोडतो आणि जे नेता येते ते खांद्यावर घेतो. सबब सांगणारा सारेच टाकून जातो आणि हात रिकामे का, तेही सांगतो.

असाच दाखला आगेऱ्याचा. अंधेरी आणि बोरिवलीची भातशेते इमारतींखाली गेली. शेत नाही हे कारण पुढे करून आगेरा कायमचा बंद करता आला असता. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपनगरांतील कित्येक धर्मग्रामांत भाताच्या लोंब्या वाजतगाजत वेदीकडे नेल्या जातात. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, एवढेच. मनात असले की दुसऱ्याच्या शेतातली लोंबी मिळते. मग आपल्याच घरात, आपल्याच आजीच्या तोंडी असलेली भाषा का मिळू नये?

म्हणून माझी सूचना अगदी रूक्ष आहे. यापुढे धर्मग्रामाच्या मंडळात मराठीविषयी जी अडचण मांडली जाईल ती इतिवृत्तात लिहून घ्यावी आणि तिच्यासमोर दोन रकाने आखावेत. एकात उपाय लिहावा आणि दुसऱ्यात मुदत. दोन्ही रकाने भरता आले तर ती अडचण खरी, तिला आदराने वागवावे आणि मुदत येईपर्यंत थांबावे. दोन्ही कोरे राहिले तर ती सबब आहे असे समजून कामाला लागावे. घरी तर इतिवृत्ताचीही गरज नाही. आज रात्रीच्या जपमाळेचे एक दशक मराठीत म्हणावे, आणि ते आजीने सांगावे, नातवंडांनी तिच्यामागून म्हणावे. चुकले तर ती सुधारील.